शिंकान्सेनची (जपानी बुलेट ट्रेनची) तिकिटं घरून काढताना: टोकियो–क्योटो–कानाझावा–टोकियो

जपानला जायचं म्हटलं की कोणीतरी हमखास सांगतं, "जेआर पास घ्या, डोळे मिटून." हा पास म्हणजे ठरावीक दिवस जपानच्या जेआर रेल्वेने हवं तितकं फिरायचं तिकीट. पण हा सल्ला आता शिळा झालाय. ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांच्या साध्या पासची किंमत 29,650 येनवरून थेट 50,000 येनवर गेली. वरच्या त्रिकोणी फेरीचे तिन्ही टप्पे सुटे काढले तरी खर्च 40,000 येनच्या आत राहतो. शिवाय पास असूनही सगळ्यात जलद नोझोमीत बसायचं तर वेगळे पैसे मोजावे लागतात, टोकियो–क्योटोसाठी 4,960 येन. आठवडाभर रोज लांबचा प्रवास करणार असाल तरच पासचा हिशोब मांडा. नाहीतर सोडा.

दुसरी फसगत सर्च केल्यावर वर दिसणाऱ्या जाहिरातींची. रेल्वेचीच वाटावी अशी साइट, निळा-पांढरा रंग, वर बुलेट ट्रेनचा फोटो. पण तो मधला विक्रेता असतो. ओळखायची खूण सोपी आहे. टोकियो–क्योटो नोझोमीचं साधं आरक्षित तिकीट साधारण 14,000 येनला मिळतं. त्याहून बरीच मोठी रक्कम, तीही डॉलरमध्ये, दिसली तर टॅब बंद करा. त्यातले बरेच जण तुमच्या वतीने नंतर तिकीट काढतात, म्हणजे पैसे भरताना जागा पक्की झालेलीच नसते.

टोकियो–क्योटो–ओसाका–हिरोशिमा–फुकुओका या पट्ट्यासाठी स्मार्टईएक्स वापरा. ही रेल्वेची स्वतःची सेवा आहे, इंग्रजीत चालते, वार्षिक फी नाही. ॲप मिळत नसेल तर वेबसाइटवर तेच काम होतं. गाडी निवडा, डब्याचा नकाशा उघडा, सीट टिपा, झालं. एवढ्या भागाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

खरा घाम फुटतो तो कार्ड नोंदवताना. खातं उघडतानाच कार्ड द्यावं लागतं आणि त्याला थ्री-डी सिक्युअर पडताळणी (बँकेकडून ओटीपीने होणारी खात्री) लागते. इथे अडकणाऱ्यांची कारणं बहुतेक वेळा तीच ती असतात. कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार बंद असतात. ते बँकेच्या ॲपमधून आधी चालू करा आणि मर्यादाही वाढवा. कार्ड दाखवून चालणारे आणि ऑनलाइन होणारे परदेशी व्यवहार असे दोन वेगळे स्विच असतील तर दुसरा लागतो. ओटीपी ज्या नंबरवर येतो तो चालू हवा. जपानला पोहोचून, घरचं सिम काढून, स्थानिक सिम टाकून मग नोंदणी करायला बसलात तर ओटीपी येणार कुठे? म्हणून हे काम निघायच्या आधी, घरी बसून उरका. नकार आला की लागोपाठ प्रयत्न करू नका, बँकेची फसवणूक रोखणारी यंत्रणा कार्डच थांबवू शकते. आधी बँकेला फोन करा, नाहीतर दुसऱ्या बँकेचं कार्ड वापरून पाहा.

नेहमीची विक्री प्रवासाच्या एक महिना आधी, जपानच्या सकाळी 10 वाजता उघडते. (स्मार्टईएक्सवर त्याहूनही आधी काढता येतं, पण गाड्यांच्या वेळा तोवर पक्क्या नसतात.) एरवी इतकी घाई नको, टोकियो–क्योटोला दर काही मिनिटांनी गाडी आहे. घाई करायची ती एप्रिलअखेर–मेच्या सुरुवातीचा गोल्डन वीक, ऑगस्टमधला ओबोन सण आणि नववर्ष या सुट्ट्यांच्या काळात. तेव्हा नोझोमी पूर्ण आरक्षित धावते.

साधं स्मार्टईएक्स तिकीट गाडी सुटण्याआधी कितीही वेळा फुकट बदलता येतं, रद्द केलं तर 320 येन कापतात. मात्र मशीनमधून कागदी तिकीट काढलंत की ॲपमधून बदल करता येत नाही. तेव्हा कागद काढायची घाई नको. "हायातोकु" नावाची सवलतीची तिकिटं स्वस्त असतात, पण गाडी चुकली की महागात पडतात. विमानातून उतरून त्याच दिवशी गाडी पकडायची असेल तर ती घेऊच नका.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. कागदी लांबच्या तिकिटात टोकियोच्या 23 वॉर्डांतला जेआर लोकलचा प्रवास धरलेला असतो. स्मार्टईएक्समध्ये नसतो. ते शिंकान्सेन स्टेशन ते शिंकान्सेन स्टेशन एवढंच असतं, लोकलचे पैसे वेगळे. सुइका किंवा इकोका कार्ड (लोकलसाठी पैसे भरून वापरायचं टेकवायचं कार्ड) बुकिंगला जोडलंत तर बदलीच्या गेटवर एकदाच टेकवून दोन्ही कामं होतात. क्यूआर कोड वापरणार असाल तर प्रत्येक माणसाचा कोड वेगळा, आणि तोच बाहेर पडताना पुन्हा लागतो. गेटमधून निघणारी छोटी चिठ्ठी फक्त सीट सांगते, ते तिकीट नाही.

बॅगांबद्दल उगाच घाबरवतात. लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंमीपर्यंत काहीही लागत नाही, आणि विमान कंपन्यांची नेहमीची मर्यादा 158 सेंमी आहे. म्हणजे जी बॅग विमानात बिनबोभाट गेली, ती इथेही जाते. 161 ते 250 सेंमीची बॅग असेल तर डब्यातल्या शेवटच्या रांगेची "ओव्हरसाइज्ड बॅगेज" सीट निवडा, तिला जादा पैसे नाहीत. न निवडता चढलात तर 1,000 येन.

आता क्योटो–कानाझावा. या फेरीतला सगळ्यात त्रासदायक टप्पा हाच. 16 मार्च 2024 पासून या मार्गावरची थंडरबर्ड गाडी वाटेतल्या त्सुरुगा स्टेशनापर्यंतच जाते, तिथे उतरून शिंकान्सेन पकडायची. जुन्या लेखांतली "थेट गाडी" विसरा. बदलीला काही जोड्यांत जेमतेम आठेक मिनिटं असतात, थंडरबर्ड खाली लागते आणि शिंकान्सेन वरच्या मजल्यावर. सगळा लोंढा एकदम सरकत्या जिन्यांवर येतो. मोठ्या बॅगा, म्हातारी माणसं, लहान मुलं सोबत असतील तर बुकिंग करतानाच पुढची शिंकान्सेन घ्या, अर्धा तास गेला तरी चालेल. हा टप्पा स्मार्टईएक्सवर दिसतच नाही, तो जेआर-वेस्ट या पश्चिम जपानच्या रेल्वे कंपनीच्या ऑनलाइन आरक्षणावर काढावा लागतो. तिकीट कोणत्या स्टेशनांवरच्या मशीनमधून मिळतं ते पैसे भरण्याआधी वाचा, आणि ज्या कार्डाने पैसे भरलेत तेच कार्ड सोबत न्या.

कानाझावा–टोकियोचा परतीचा टप्पा सरळ आहे. या मार्गावरच्या शिंकान्सेनपैकी कागायाकी पूर्ण आरक्षित, हाकुताकाला अनारक्षित डबेही असतात. तिकीट जेआर-ईस्ट किंवा जेआर-वेस्टच्या साइटवर मिळतं. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धं भाडं. त्याहून लहान मूल मांडीवर फुकट, वेगळी सीट हवी असेल तर तिचे पैसे भरावे लागतात. बॅगा असतील तर ती सीट घ्याच.