डालग्याखालची कोंबडी

पशुसखीनं, म्हणजे मी, लस घातली आणि कोंबड्या मेल्या, असं आमच्या वाडीतल्या दोन-तीन घरांत अजून बोललं जातं. त्या बायका पाणंदीत भेटल्या की नीट बोलतात, चहालाही बोलावतात, पण लसीचं नाव काढलं की दुसरंच काहीतरी बोलायला लागतात. ती लस घातली त्या पहाटेचं सगळं एकदा लिहून काढायचं बरेच दिवस मनात होतं.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला मी पशुसखीचं काम करते. शेळ्यांना जंताचं औषध, कोंबड्यांना लस, जनावर जास्तच आजारी असेल तर डॉक्टरांना फोन. कोंबड्यांची लस पहाटेच घालावी लागते. एकदा खुराडं उघडलं की कोंबड्या परड्यात, गंजीखाली, उकिरड्यावर पांगतात आणि दिवेलागणीपर्यंत हाती लागत नाहीत. म्हणून आदल्या रात्री दारोदार सांगत फिरायचं, की मी येईपर्यंत कोंबड्या सोडू नका.

मानमोडी, म्हणजे रानीखेत, या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची लासोटा लस शंभर डोसांच्या कुपीत येते. दोन ते आठ अंशांतच ती टिकते. औषध दुकानदाराला मी कितीदा सांगितलं असेल, तरी तो कुपी साध्या प्लास्टिकच्या पिशवीत टाकून हातात देतो. फ्रीजमधनं काढलेली लस वडापच्या गाडीत उन्हात तापली की तिचं पाणीच होतं, आणि बदनामी मात्र लसीची होते. मी घरून थर्मासात बर्फ भरून नेते. औषध एकदा कालवलं की दोन तासांच्या आत संपवायचं. एका घरात सात-आठ मोठ्या कोंबड्या आणि एखाद्या तलंगीची, म्हणजे तरण्या कोंबडीची, पिल्लं, म्हणजे शंभर डोस संपवायला सहा-सात घरं एकाच पहाटे तयार पाहिजेत. एका घरानं दार लावून घेतलं तर तेवढे थेंब वाया.

हे काम हाताला यायला वेळ लागतो. पिल्लू मुठीत अलगद धरायचं, छाती दाबायची नाही, नाहीतर मुठीतच गुदमरतं. मान आडवी करून एक डोळा वर घ्यायचा, वरून एकच थेंब सोडायचा, ड्रॉपर डोळ्याला टेकवायचा नाही. मग थांबायचं. पिल्लू डोळा मिटतं, उघडतं, थेंब आत जातो, तेव्हा सोडायचं. घाईत सोडलं तर ते मान झटकतं आणि औषध भुईवर. पटापट उरकून वहीत आकडे भरणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या आकड्यांना काही अर्थ नसतो.

यात्रेचा मोसम होता. पाहुणे येणार म्हणून लोक बाजारातून कोंबडे आणत होते, आणि मोटारसायकलवर जाळीच्या बुट्ट्या बांधून फिरणारा व्यापारी गल्लोगल्ली गावठी कोंबड्या उचलत होता. त्या चोर्ल्याच्या घाटानं गोव्याला जातात, दर चांगला मिळतो. चार घरं झाली होती. पाचव्या घरी परड्याच्या कोपऱ्यात एक डालगं, कोंबड्या झाकायची बांबूची टोपली, वेगळं पालथं घातलेलं दिसलं.

"ती खुडूक हाय. अंड्यांवर बसलीया, उठवू नको गे," घरधनीण म्हणाली.

खुडूक कोंबडी जवळ कुणी आलं की पिसं फुलवते, गुरगुरते, चोच मारते. ही गप्प होती. खुडूक कोंबडी दिवसातून एखाद्या वेळीच उठते आणि तिची शीट मोठी, घट्ट, उग्र वासाची पडते. डालग्याच्या काठाखालून हिरवट पातळ पाणी आलं होतं. मी डालगं उचललं. कोंबडी एका कुशीवर होती, मान पाठीकडं पिळलेली, चोच उघडी, श्वास घरघरत होता. खाली अंडी नव्हती.

"कधीपासून हाय?" मी विचारलं. ती काही बोलली नाही. तिच्या सासूबाईंनी मात्र सांगून टाकलं, "परवा दोन इकल्या बाई त्या गाडीवाल्याला."

कुपीत निम्म्याहून कमी औषध उरलं होतं, घड्याळ चालूच होतं, आणि पुढची घरं माझी वाट बघत खुराडी बंद करून बसली होती. मानमोडीवर औषध नाही. लस न घातलेल्या कळपात ती शिरली की शंभरातली नव्वदही जातात. लागण झालेल्या कोंबडीला लसीचा उपयोग नसतो, पण जिला अजून लागण झालेली नाही तिला आठवडाभरात थोडं बळ येतं. थांबावं तर रोग शेजारी येऊन ठेपलेला. पुढं जावं तर माझे हात, पदर, चपला यांतूनच तो नेण्याची भीती. डॉक्टरांचा फोन लागला नाही, आमच्या बाजूला रेंजचं असंच आहे.

मी पुढं गेले. हातपाय कोपरापर्यंत साबणानं धुतले, चपला तिथंच ठेवल्या, घरी जाऊन लुगडं बदललं. उरलेल्या घरांत परड्यात पाय ठेवला नाही. ज्यांची कोंबडी त्यांनीच धरून उंबऱ्याशी आणायची, मी फक्त वरून थेंब सोडायचा, असं केलं. आजारी कोंबडी मेल्यावर खोल पुरून वर चुना टाकायला सांगितलं, आणि कुणी आता एकही पाखरू विकायचं नाही, असं सगळ्यांना ऐकवलं.

त्या घरातल्या सगळ्या कोंबड्या मेल्या. आधीच्या घरांपैकी एकात चौथ्या दिवशी मर सुरू झाली. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. रोग अंगात शिरल्यापासून दिसेपर्यंत बहुतेक वेळा पाच-सहा दिवस जातात, म्हणजे मी तिथं पोचायच्या आधीच तो आत होता. पण नंतरच्या एका घरात आठवडा उलटून गेल्यावर तीन तलंगा आणि कोंबडा मेला. तिथं माझ्यामुळं पोचला, की तोच गाडीवाला त्या गल्लीतही फिरून गेला होता, की यात्रेसाठी आणलेल्या बाजारच्या कोंबड्यानं आणला, याचा उलगडा होत नाही. उरलेल्या घरांतली पिल्लं जगली. त्याबद्दल कुणी काही बोलत नाही.

त्या घरधनीणीवर मी तेव्हा चिडले होते. आता तिची बाजू दिसते. तिच्या हातात स्वतःचा म्हणून येणारा पैसा कोंबड्यांचाच. मुलीची वह्या-पुस्तकं, बचत गटाचा हप्ता, सगळं त्यातूनच. म्हैस मेली तर विम्याचा कागद तरी हलवता येतो, परड्यातल्या कोंबडीला कुणी विचारत नाही. रोग आला म्हणून बोभाटा झाला की व्यापारी निम्म्या भावात मागतो. मग बाई आजारी पाखरू लपवते आणि चांगली दिसणारी घाईनं विकते, आणि नेमका तिथूनच रोग पुढच्या गावाला जातो.

हा रोग आपल्या देशात १९२७ च्या सुमारास उत्तराखंडातल्या रानीखेत गावी ओळखला गेला. मोठ्या कोंबड्यांना टोचायची मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेची आर-टू-बी लस चाळीसच्या दशकातली. उष्णता सोसणारी आय-टू लस ऑस्ट्रेलियात झाली आणि आफ्रिकेतल्या खेड्यांत बायकांनी ती वापरली. आमच्यापर्यंत मात्र अजून शंभरची कुपी आणि बर्फाचा थर्मास. वीस डोसांची, फ्रीज नसलेल्या घरात दोन-चार दिवस टिकणारी कुपी मिळाली तर मला सात दारं एका पहाटे उघडायला लावायची वेळ येणार नाही. तालुक्याच्या बैठकीत मी हे मांडलं, साहेबांनी लिहून घेतलं.

गटात आता दोन गोष्टी निघाल्या आहेत. यात्रेच्या तीन आठवडे आधी लस घालायची, आणि बाहेरून आणलेला कोंबडा पंधरा दिवस वेगळा बांधायचा. या दोन्ही मान्य झाल्या. गाडीवाल्याला गल्लीत न घेता फाट्यावरच थांबवायचं, या तिसऱ्या गोष्टीवर मात्र अजून भांडण चालू आहे, कारण फाट्यापर्यंत कोंबडी घेऊन चालत कोण जाणार.