पट्टीखालचा शिक्का

कुसुमाग्रजांची ‘विशाखा’, पहिली आवृत्ती, वर सही. जुन्या पुस्तकवाल्याने व्हॉट्सॲपवर फोटो धाडला तेव्हा मी ऑफिसात होतो. पुढच्या तासाभरात काय काम केलं ते विचारू नका. 1942 चं पुस्तक, वि. स. खांडेकरांनी पदरमोड करून छापलेलं. तो अठरा हजार म्हणाला.

आधी एकदा पोळलो होतो. त्या प्रतीवरच्या सहीखाली ‘1943’ होतं आणि सही चक्क बॉलपेनची! बॉलपेन अमेरिकेतल्या दुकानात यायलाच 1945 चा ऑक्टोबर उजाडला होता. हे मला सुचलं पैसे मोजून झाल्यावर.

यावेळी भिंग घेऊनच गेलो. “साहेब, खांडेकरांची प्रस्तावना आहे की,” तो म्हणाला. ती पुढच्या आवृत्त्यांतही आहे. मी आवृत्तीचं पान उघडलं. ते बरोबर निघालं. सही शाईची, कागदात मुरलेली, पाठीमागे फिकट उमटलेली. माझ्याकडच्या नमुन्यांशी वळणही जुळलं.

पण सहीखाली कोऱ्या कागदाची एक पट्टी चिकटवलेली होती. ग्रंथालयं पहिल्या पानाबरोबर आतल्या एका ठरावीक पानावरही शिक्का मारतात, म्हणून एकेक पान उलटत गेलो. सापडला. जांभळा, लंबगोल, शेजारी दाखल क्रमांक. “लायब्रऱ्या रद्दी काढतातच हो,” तो पुटपुटला. काढतात, पण निर्लेखनाची, म्हणजे पुस्तक संग्रहातून कमी केल्याची, नोंद करून. नोंद नसेल तर ते पुस्तक चोरीचं, आणि तसलं मला घरात नको.

शिक्क्यावरच्या गावच्या ग्रंथालयाला फोन केला, मग पत्र, मग पुन्हा दोन फोन. शेवटी स्वतःच गेलो. लिपिकबाईंनी माळ्यावरून दाखल नोंदवही काढून दिली. शेऱ्यात ‘निर्लेखित’, ठरावाच्या तारखेसह. आणि ‘कोठून मिळाले’ या रकान्यात ‘देणगी’, पुढे गावच्या शाळेतल्या एका मास्तरांचं नाव. सहीच्या वरती ज्यांच्यासाठी म्हणून लिहिलं होतं, तेच नाव!

त्या पानाची साक्षांकित प्रत मागून घेतली. पुस्तकवाला शिक्क्याने भाव पडेल म्हणून तो झाकत होता. मी मात्र त्या शिक्क्यासाठीच पुस्तक घेतलं, बारा हजारांना. साक्षांकित प्रत आता पुस्तकासोबतच असते.

पट्टी अजून तशीच आहे. फेविकॉलने चिकटवलीय, ओढली तर सहीतला ‘ज’ बरोबर येईल.