बारा कुंड्यांची नोंदवही : आठवडा 8 ते 14

मागील नोंद सातव्या आठवड्याशी थांबली होती. त्या वेळी टोमॅटोच्या चारही रोपांना पहिले घोस लागले होते, काकडीचा वेल जाळीच्या निम्म्या उंचीपर्यंत चढला होता आणि भोपळ्याला रोज चार-पाच फुले येऊनही एकही फळ धरलेले नव्हते. पुढील सात आठवड्यांत जे बिघडले आणि जे अनपेक्षितपणे सुधारले, ते येथे तारखांच्या आधारे मांडत आहे. कारण वही मागे चाळल्यावर असे लक्षात आले की, ज्या दिवशी बिघाड दिसला त्या दिवशी केलेल्या चुकीचा त्याच्याशी बहुतेक वेळा काहीच संबंध नव्हता.

आठव्या आठवड्याच्या सुरुवातीला पहिल्या घोसांतील सात टोमॅटोंपैकी पाचांच्या बुडाशी, म्हणजे सुकलेल्या फुलाचा अवशेष जिथून गळतो त्या जागी, पाणी उतरल्यासारखा फिकट डाग दिसला. चार दिवसांत तो काळपट तपकिरी, चपटा आणि चामड्यासारखा चिवट झाला. बुरशी लागली असावी असे समजून मी आजूबाजूची निरोगी पानेही खुडली. नंतर कोणीतरी सुचवले म्हणून अंड्यांची टरफले कुटून मातीत मिसळली. दोन्ही उपाय वाया गेले. हा बुरशीचा रोग नसून वाढत्या फळाला कॅल्शियम अपुरे पडल्याचा परिणाम आहे, आणि मातीत कॅल्शियम असूनही तो होऊ शकतो. कॅल्शियम मुळांकडून पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढते. पानांतून बाष्पीभवन भरपूर होत असल्याने हा प्रवाह मुख्यतः पानांकडे जातो आणि फळाच्या वाट्याला थोडाच येतो. मधल्या काळात माती कोरडी पडली की तो थोडा वाटाही तुटतो आणि फळाचे देठापासून सर्वांत दूर असलेले टोक प्रथम उपाशी राहते. टरफलांचे म्हणाल, तर ती मातीत इतकी सावकाश विरघळतात की त्याच हंगामातील फळाला त्यांचा उपयोग होण्याची शक्यता फार कमी असते.

तरीही एक गोष्ट पटत नव्हती, कारण मी रोज सकाळी झारीने पाणी घालत होतो आणि ते कुंडीखालच्या ताटलीत उतरेपर्यंत थांबतही होतो. शेवटी सर्वांत वाईट अवस्थेतील रोप मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढले, तेव्हा खरे कारण सापडले. वरची दोन बोटे माती ओली, कडेने ओलाव्याचा एक पातळ पापुद्रा आणि मधोमध नारळाएवढा भाग इतका कोरडा की बोटाने दाबताच त्याची भुकटी झाली. कोकोपीट जास्त असलेले मिश्रण एकदा पूर्ण सुकले की आक्रसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते आणि लवकर पाणी धरत नाही. वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ ताटलीत उतरते. भरलेली ताटली पाहून मी समाधान मानत होतो, ते पूर्णपणे चुकीचे होते. वहीप्रमाणे मी साडेतीन दिवस बाहेर होतो तो काळ डाग दिसण्याच्या सुमारे दोन आठवडे आधीचा, म्हणजे ही फळे नुकतीच धरत असतानाचा आहे. कोरडेपणाला सुरुवात तेव्हाच झाली असणार.

त्यानंतर प्रत्येक कुंडी पाण्याच्या टबात चाळीस मिनिटे ठेवून तळातून भिजवली आणि निथळल्यावर ताणकाट्याला लावून वजन केले. माझी 30 सेंटिमीटर व्यासाची कुंडी पूर्ण भिजल्यावर 11 किलो भरते आणि साडेनऊ किलोच्या खाली गेली की दुपारी पाने मलूल होतात. आता मी माती चाचपत बसत नाही, कुंडी किंचित उचलून पाहतो. आठवड्याभरात हाताला अंदाज येतो. दुसऱ्या घोसातील सहा फळांपैकी दोन बिघडली, तिसऱ्या घोसातील आठही फळे स्वच्छ निघाली. पहिल्या घोसातील डागाळलेली फळे मी लगेच तोडली, कारण डाग भरून येत नाही.

तळातून पाणी देण्याचा एक लाभ मला अपेक्षित नव्हता. रोपवाटिकेच्या ट्रेवर उठणाऱ्या बारीक काळ्या चिलटांनी मी त्रस्त होतो आणि पिवळे चिकट सापळे लावूनही ती संपत नव्हती. त्यांच्या अळ्या मातीच्या वरच्या ओल्या थरात राहून बुरशी आणि कोवळी मुळे खातात. पृष्ठभाग कोरडा राहू लागल्यावर तीन-चार आठवड्यांत सापळ्यांवरील संख्या नगण्य झाली.

आता काकडीविषयी, आणि हे लिहिताना थोडा संकोच वाटतो. नवव्या आठवड्यात कोवळ्या शेंड्यांवर मावा आला, पाने चिकट झाली आणि मुंग्यांची रांग लागली. त्याच पानांवर मला सुमारे सात-आठ मिलिमीटर लांबीच्या, राखाडी-काळ्या, पाठीवर नारिंगी ठिपके आणि बारीक काटे असलेल्या, चिमुकल्या मगरीसारख्या दिसणाऱ्या अळ्या आढळल्या. पाने खाणारा नवा शत्रू आला असे ठरवून मी दोन दिवसांत अशा अकरा अळ्या चिरडल्या आणि त्याची नोंदही अभिमानाने केली. बाराव्या अळीपाशी भिंग नेले, तेव्हा तिच्या जबड्यात मावा होता. ती ढालकिड्याची, म्हणजेच लेडीबर्डची अळी होती. लाल पाठीचा गोल भुंगेरा सर्वांच्या ओळखीचा असतो. त्याचे बालपण इतके वेगळे दिसते याची मला कल्पना नव्हती. त्यानंतर मी फवारणी पूर्ण थांबवली आणि मुंग्यांना अडवण्यासाठी कुंडी पाण्याच्या थाळीत विटेवर ठेवली, कारण माव्याने सोडलेल्या गोड द्रवासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि त्याच्या शत्रूंना हाकलतात. वेलाचा एखादा फाटा भिंतीला टेकला तर मुंग्यांना तेवढा पूल पुरतो, हेही एकदा अनुभवले. पहिला आठवडा मावा वाढतच गेला आणि माझा हात साबणाच्या पाण्याकडे वारंवार वळला. अकराव्या आठवड्यात पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी कोष चिकटलेले दिसले आणि बाराव्या आठवड्याअखेर शेंडे मोकळे झाले. चिरडलेल्या अकरा अळ्या जगल्या असत्या, तर हे बरेच आधी घडले असते असे मला वाटते.

भोपळ्याचे कोडे सोपे निघाले. आधी आलेली सर्व फुले नर होती. मादी फुलाच्या देठाशी फुलण्यापूर्वीच इवलेसे फळ दिसते आणि असे पहिले फूल दहाव्या आठवड्यात आले. ते एकच सकाळ उमलते, त्यामुळे नर फूल खुडून, पाकळ्या काढून त्याचे परागकण मादी फुलाच्या कुक्षीवर फिरवण्याचे काम ऊन चढण्यापूर्वी करावे लागते. पहिल्या दोन फुलांच्या वेळी मी दुपारी पोहोचलो. ती दोन्ही फळे पिवळी पडून गळाली. तिसरे धरले. चौथे मी हात न लावताही धरले, म्हणजे त्या दिवशी एखादी मधमाशी माझ्याआधी उठली होती.

शेवटची नोंद बाराव्या कुंडीची आहे. कंपोस्ट घातलेल्या त्या रिकाम्या कुंडीत नवव्या आठवड्यात टोमॅटोचे एक रोप आपोआप उगवले. ज्या फळाचे बी कंपोस्टमध्ये गेले ते संकरित वाणाचे असेल, तर या रोपाची फळे आईसारखी असतीलच असे नाही. म्हणून मी ते कुतूहलापोटी राखले. पाने इतर चार रोपांपेक्षा रुंद आहेत आणि खोड अधिक जाड आहे. काल, चौदाव्या आठवड्याच्या अखेरीस, पहिल्या घोसात वाटाण्याएवढी तीन फळे दिसली. कुंडीचे वजन 10 किलो 300 ग्रॅम भरले. बूड काळे पडायचे असेल तर ते साधारण दोन आठवड्यांनी दिसेल, म्हणून ही तारीख आणि हे वजन वहीत लाल शाईने लिहून ठेवले आहे.