पुणे–नागपूर: विमान दीड तासाचं, प्रवास पाच तासांचा

नकाशावर पुण्यापासून नागपूरपर्यंत सरळ रेघ मारली तर अंतर भरतं साधारण ६०० किलोमीटर. रस्त्याने ते ७०० च्या पुढे जातं. रेल्वे दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घेते, म्हणून तिचं ८८० च्या आसपास. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली वंदे भारतसुद्धा बारा तास घेते. शनिवार-रविवारात घरी जाऊन यायचं तर आम्हा पुण्यातल्या नागपूरकरांना विमानच परवडतं. पैशाने नाही, वेळेने.

तिकिटावर सव्वा ते दीड तास लिहिलेला असतो. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आणि उतरल्यावर जिना लागेपर्यंतचा वेळही धरलेला असतो. प्रत्यक्ष हवेत तासाभराच्या थोडं पुढेमागे. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे जाताना विमान लवकर पोचतं, येताना तेवढं नाही.

खरा वेळ खातो तो पुण्याच्या लोहगाव विमानतळाचा रस्ता. कोथरूडहून संध्याकाळी टॅक्सीने निघालात तर येरवड्यापाशी घामटा निघतो. यंदा वनाजहून मेट्रोने थेट रामवाडी गाठली आणि पुढे रिक्षा केली. सामान एकच बॅग असेल तर हेच करा. विमानतळावर पावणेदोन तास आधी पोचलेलं बरं, कारण बॅगेचा काउंटर तासभर आधी बंद होतो. डिजियात्रा हे चेहरा ओळखून आत सोडणारं ॲप फोनवर असेल तर दारातली रांग टळते. हा हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे धावपट्टीचे फोटो काढायला मनाई आहे.

जाताना डावीकडची खिडकी घ्या, दिवसाचं विमान असेल तर. ती सरळ रेघ नाथसागराच्या आणि लोणारच्या किंचित दक्षिणेकडून जाते. हवा स्वच्छ होती. आधी पैठणचं ते पसरलेलं पाणी दिसलं, मग अर्ध्या वाटेवर लोणारचं गोल विवर, कडेला हिरवी किनार. बसने आयुष्य काढलं तरी हे दिसत नाही!

वेळ निवडायची तर सकाळचं विमान घ्या. एकच विमान दिवसभर चार गावं फिरतं आणि प्रत्येक ठिकाणचा उशीर रात्रीच्या फेरीच्या माथी येतो. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं पुण्यातल्या माणसाला ताटकळत ठेवतं ते असं.

नागपूरला मात्र सुख आहे. सोनेगावचा विमानतळ गावातच, सीताबर्डी जेमतेम आठ किलोमीटर. मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. तिथवर ऑटो करावाच लागतो. रात्री उशिरा उतरलात तर मेट्रोचा विचारच सोडा.

परतताना आईने बांधून दिलेलं लोणचं आणि सावजी मसाला चेक-इन बॅगेत टाका, तेल-तिखट हातातल्या बॅगेत अडवतात. संत्राबर्फी हातात चालते. ती वेगळी ठेवा, वजनाचे १५ किलो फार लवकर भरतात.