चूक सहाव्या चालीत होती, मी शोधत होतो एकोणिसाव्यात

बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. प्यादं गेलेलं, राजा उघडा, तरी अर्धा गुण काढला. चूक कुठे झाली हेही मला 'माहीत' होतं: एकोणिसावी चाल. तिथे एच७ वरचं प्यादं गेलं (पटाच्या उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याकडून एक ते आठ). घरी जाऊन तेवढी जागा तपासायची, संपला विषय, असा माझा हिशेब.

मी काळ्या मोहऱ्यांनी खेळत होतो. इटालियन ओपनिंगचा शांत प्रकार: दोघांचे घोडे बाहेर, उंट सी४ आणि सी५ वर, डी-प्यादी एकेक घर पुढे. सहाव्या चालीला समोरच्याने दुसरा उंट जी५ वर आणला. माझा एफ६ वरचा घोडा पिनमध्ये अडकला, म्हणजे हलवायची सोय राहिली नाही, कारण मागे वजीर. मी किल्लेकोट केला, म्हणजे एकाच चालीत राजा कोपऱ्याकडे आणि हत्ती त्याच्या शेजारी. लगेच त्याचा घोडा डी५ वर येऊन बसला. मी उंट ई६ वर आणला, त्याने एफ६ वरचा घोडा मारला, आणि मला तो उंट जी-प्याद्यानेच घ्यावा लागला. वजिराने घ्यावा तर डी५ वरचा घोडा वजीरच खातो. राजासमोरची भिंत तिथेच फुटली. एफ-पट्टीत दोन प्यादी एकामागे एक आणि एच-प्यादं एकटं. पुढच्या बारा चाली मी नुसती डागडुजी करत होतो.

डाव संपल्यावर आम्ही दोघांनी पट पुन्हा लावला. समोरचा मुलगा असेल पंधरा-सोळा वर्षांचा. एकोणिसाव्या चालीपर्यंत यायच्या आधीच तो म्हणाला, "काका, तुम्ही किल्लेकोट केलात ना, तेव्हाच मला बरं वाटलं होतं." मी हसून विषय बदलला. सहाव्या चालीला किल्लेकोट करणं चूक कसं असेल? लहानपणापासून हेच तर शिकवलंय!

घरी इंजिन, म्हणजे डाव तपासणारा संगणक प्रोग्रॅम, लगेच उघडायचं नाही, हा नियम मी अलीकडेच स्वतःला लावून घेतलाय. आधी आपण शोधायचं, मग यंत्राला विचारायचं. १९४८ मध्ये जगज्जेता झालेला बोत्विनिक आपल्या डावांचं विश्लेषण छापण्यावर भर द्यायचा, म्हणजे दुसऱ्यांना त्यातल्या चुका काढता येतात. माझे डाव छापायच्या लायकीचे नाहीत, पण वहीत लिहिताना थोडी लाज तरी वाटते. दोन संध्याकाळी मी एकोणिसाव्या चालीवर घालवल्या. तीन पर्याय सापडले. तिन्हींत प्यादं जातंच, एकात तर वजीरही अडकतो. मग तिथे चुकलं काय?

शेवटी इंजिन लावलं. त्याने एकोणिसाव्या चालीवर ठसठशीत लाल खूण केली आणि वाचवणारी चाल दाखवली: हत्ती मागे घ्यायचा, प्यादं खुशाल जाऊ द्यायचं, ते नऊ चालींनंतर परत मिळतं. सात जन्मांत मला ती सुचली नसती. किल्लेकोटावर मात्र लाल खूण नव्हतीच. कोणाची बाजू वरचढ हे दाखवणारा आकडा पांढऱ्याकडे थोडा सरकला, एवढंच. नुसतं इंजिन पाहिलं असतं तर मी ती नऊ चालींची करामत पाठ करत बसलो असतो.

उत्तर मिळालं स्कोअरशीटवर, म्हणजे डावातल्या चाली लिहायच्या कागदावर. प्रत्येक चालीशेजारी घड्याळात उरलेला वेळ लिहायची मला सवय आहे, नियमांत ते चालतं. नव्वद मिनिटांचा डाव, दर चालीला तीस सेकंदांची भर. एकोणिसाव्या चालीला मी चौदा मिनिटं घेतली होती. सहाव्या चालीनंतर घड्याळात आधीपेक्षा जास्त वेळ होता! म्हणजे मी पटाकडे पाहिलंच नव्हतं. उंट बाहेर आले, आता किल्लेकोट, असा हात आपोआप गेला.

मग पट लावून किल्लेकोटाऐवजी एच६ करून, म्हणजे प्यादं एच६ वर ढकलून पाहिलं. उंटाने घोडा मारला तर वजिराने घ्यायचा, घोडा डी५ वर आला की वजीर डी८ ला परत, काही बिघडत नाही. उंट एच४ वर गेला तर जी५ करून त्याला आणखी हुसकावता येतं, कारण राजा अजून मध्येच आहे. किल्लेकोटानंतर तेच जी५ केलं की पांढरा घोड्याचं बलिदान देऊन राजासमोरची प्यादी उखडतो. त्या मुलाला हे सगळं डावातच दिसलं होतं.

गंमत म्हणजे ज्या चालीची मला लाज वाटत होती, तिला इंजिनने हिरवी खूण दिली. चोविसाव्या चालीला मी वजिरावजिरी केली, म्हणजे दोघांचे वजीर मारामारीत गेले. एक प्यादं कमी असताना मोहऱ्यांची मारामारी करू नये, प्याद्यांची करावी, हे कुणीही सांगेल. मी केली ती निव्वळ भीतीपोटी, राजा उघडा होता म्हणून. पण भीती रास्त होती. वजीर गेल्यावर उघड्या राजावर हल्ला करायला उरलं कोण? प्यादी एकेक करत संपली आणि उरला हत्तींचा अंतिम डाव: त्याच्याकडे एफ-प्यादं जास्त, माझा राजा एफ८ वर, प्याद्याच्या वाटेत.

हा प्रकार मला येत होता, अठराव्या शतकातल्या फिलिडोरच्या नावाने ओळखला जाणारा बचाव. हत्ती सहाव्या ओळीत ठेवून बसायचं, म्हणजे पांढऱ्या राजाला त्या ओळीत पाऊल टाकता येत नाही. प्यादं एफ६ वर सरकलं की हत्ती थेट पहिल्या ओळीत न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं. प्यादं पुढे गेल्यामुळे राजाला शहापासून आडोसा उरत नाही.

तिथेही मी एक गाढवपणा केलाच. तीच स्थिती तिसऱ्यांदा येतेय हे दिसल्यावर मी चाल खेळलो आणि मग पंचांना बोलावलं. पंच म्हणाले, बरोबरीचा दावा आधी करायचा: चाल लिहायची, खेळायची नाही, घड्याळ थांबवायचं. एरवी चाल आधी लिहून ठेवायला बंदी आहे, हा दावा त्याला ठरलेला अपवाद. मला फक्त बंदी माहीत होती. आणखी काही शह दिल्यावर त्या मुलानेच बरोबरी देऊ केली.

पुढच्याच डावात तीच सुरुवात झाली. उंट जी५ वर आला, मी पाच मिनिटं विचार करून एच६ केलं. उंट एच४ वर, मी जी५. बावीस चालींत हरलो. त्या नादात किल्लेकोट करायचाच राहून गेला.