व्हाइट रिव्हरवर जानेवारीत: ब्राउन ट्राउट माशासाठी जाणाऱ्यांकरता

आर्कान्सातल्या व्हाइट रिव्हरवर थंडीत मासेमारीला जायचं असेल तर हॉटेल शोधण्याआधी धरणाचा विसर्ग बघायला शिका. आम्ही डॅलसहून जानेवारीच्या शेवटी निघालो. आदल्या रात्रीपर्यंत गाइडशी जे काही बोलणं झालं ते फक्त पाण्याबद्दल. बुल शोल्स धरणावर वीजनिर्मितीचे ८ संच आहेत. एक संच चालला की ढोबळमानाने ३,००० क्युसेक पाणी खाली येतं, आणि आठही चालले की सकाळी पाहिलेली नदी दुपारी ओळखू येत नाही. कोयनेच्या विसर्गाचे आकडे दर पावसाळ्यात वाचणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको. इथे मात्र पाऊस नसतानाही पाणी सुटतं. कडाक्याची थंडी पडली, घराघरांत हीटर लागले, विजेची मागणी वाढली, की भल्या पहाटे संच सुरू होतात. धरणाजवळ भोंगा वाजतो. पण धरणाच्या बऱ्याच खाली, कॉटर गावापाशी उभं राहिलेल्याला तो ऐकू येत नाही, आणि तिथे पाणी काही तासांनी चढतं. पाण्यात उतरून गळ टाकणाऱ्यांनी हे डोक्यात पक्कं ठेवावं.

मग अशा थंडीत जायचंच कशाला? धरण १९५१ साली पूर्ण झालं. जलाशयाच्या तळाचं गार पाणी खाली येऊ लागलं आणि मूळचे उबदार पाण्यातले मासे मागे पडले, त्यांच्या जागी ट्राउट आणून सोडले. तळाचं पाणी बाराही महिने जवळपास सारखंच गार असतं. त्यामुळे बाहेर पारा शून्याखाली असला तरी नदी गोठत नाही आणि मासा सुस्तावत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात ब्राउन ट्राउट अंडी घालतात. त्यानंतर थकलेला, भुकेला मोठा मासा काठाच्या आसऱ्याला येतो. त्यातच जलाशयाचं पाणी ७ अंशांच्या आसपास उतरलं की शॅड नावाचे छोटे रुपेरी मासे मरू लागतात आणि टर्बाइनमधून खाली वाहत येतात. खाली ट्राउट त्यांच्यावर तुटून पडतात. असं दरवर्षी घडतंच असं नाही. घडलं तर पांढऱ्या फ्लायशिवाय (फ्लाय म्हणजे गळावर बांधलेलं नकली भक्ष्य) दुसरं काही पेटीतून काढू नका.

याच राज्यात, लिटल रेड नदीवर, १९९२ साली ४० पौंड ४ औंसांचा ब्राउन मिळाला होता. तेव्हाचा तो जागतिक विक्रम. लोक त्या आशेने येतात, आणि यावंच. पण आपला गाइड किनाऱ्यावरच म्हणाला, "पाहिजे काय ते आत्ता सांगा. भरपूर मासे हवेत, की एकच मोठा?" मला हा प्रश्न फार आवडला. दोन्हींचं पाणी वेगळं, दोर वेगळा, दिवसाची आखणीही वेगळी. आम्ही मोठा म्हणालो. म्हणजे दिवसभर ७-८ वजनाचा रॉड (हे वजन म्हणजे लाइनचा क्रमांक, किलो नव्हे), बुडणारी लाइन म्हणजे दोर, चार-पाच इंची स्ट्रीमर (छोट्या माशासारखी फ्लाय), शेकडो कास्ट म्हणजे फेकी आणि कदाचित माशाच्या दोन-तीन धडका.

माझा मित्र कोलोरॅडोच्या नद्यांवर वर्षानुवर्षं गळ टाकतोय. त्याला कास्ट शिकवायची गरज नव्हती, आणि गाइडनेही त्या वाटेला जायचं टाळलं. तो वल्ही मारत राहिला. प्रवाहापेक्षा किंचित हळू, काठापासून नेमक्या अंतरावर त्याने होडी धरून ठेवली. पुढच्याने जरा पुढे टाकायचं, मागच्याने आपल्या बाजूला. दोघांच्या लाइनी एकमेकींत जाऊ द्यायच्या नाहीत. बाकी बोलणं अगदी मोजकं: "ते पडलेलं झाड, त्याच्या मागची सावली." कसलेल्या माणसाला गाइड लागतो तो यासाठीच. काठाचा कुठला तुकडा किती पाण्याला कामाचा, हे त्याला ठाऊक असतं. दोन संचांच्या पाण्यावर कोरडी दिसणारी कपार पाच संचांवर माशाचं घर होते. जागेचा निर्णय पूर्ण त्याच्यावर सोडा.

एक सवय मात्र त्याने मोडून काढली. कोरड्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायवर मासा आला की आपण रॉड वर उचलतो. स्ट्रीमरला ते चालत नाही. दुपारी एका खडकाआडून पिवळट, रुंद सावली निघाली आणि मित्राच्या स्ट्रीमरच्या मागे होडीपर्यंत आली. त्याने तोंड उघडलेलं आम्ही तिघांनी पाहिलं. मित्राचा हात वर गेला, स्ट्रीमर निसटला, सावली वळली. गाइड शांतपणे म्हणाला, "रॉड खाली, टोक पाण्याकडे, डाव्या हाताने लाइनला लांब ओढ. मागे येत असेल तर थांबू नका, वेग वाढवा." पुढच्या तासाभरात तसंच झालं आणि मासा गळाला बसला. लोण्यासारखं पिवळं पोट, अंगावर काळे ठिपके, मधूनच लाल आणि त्याभोवती फिकट निळसर कडं. जाळं पाण्यातच ठेवलं, हातमोजे काढून हात ओले केले, एक फोटो आणि सोडला. शून्याखालच्या हवेत माशाचे कल्ले गारठतात, म्हणून त्याला बाहेर धरून गप्पा मारत बसू नये.

सकाळचा पहिला तास खरा त्रासाचा. रॉडच्या कड्यांत बर्फ साचतो आणि लाइन अडते. ओढाओढ केली तर लाइनचं वरचं आवरण सोलून निघतं. रॉड क्षणभर पाण्यात बुडवा, बर्फ सुटतो. हातमोज्यांचे दोन जोड ठेवा, एक ओला होणारच. लोकरीचे मोजे घाला, पण बूट घट्ट होतील इतके नकोत, नाहीतर पाय जास्तच गारठतात. लाइफ जॅकेट थंडीच्या कपड्यांवरून घालून बघा. आणि वाढत्या पाण्यात नांगर टाकू असं कुणी म्हणालं तर त्या होडीत बसू नका, नांगर अडकून इथे होड्या उलटतात.

राहायला माउंटन होम किंवा कॉटर बरं. विमानाने येणाऱ्यांना मिसुरीतलं स्प्रिंगफील्ड किंवा लिटल रॉक जवळ, पुढे दोन-तीन तासांची गाडी. मासेमारीच्या परवान्यासोबत ट्राउटचा वेगळा परवाना लागतो, दोन्ही ऑनलाइन मिळतात. धरणाखालच्या काही पट्ट्यांत विणीच्या काळात वेगळे नियम असतात. ते बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी राज्याच्या गेम अँड फिश कमिशनचे ताजे नियम वाचा. उथळ पाण्यात स्वच्छ, उजळ खडीचा गोल दिसला तर तिथे पाय ठेवू नका, खाली अंडी असतात. आम्ही पोळीचे रोल आणि थर्मासभर चहा नेला होता. शाकाहारी असाल तर गाइडच्या डब्यावर विसंबू नका.

तारीख ठरवताना दोन दिवस मागेपुढे करायची मोकळीक मागून घ्या. चांगले गाइड स्वतःच सांगतात की उद्या पाणी वाईट आहे, परवा या. शॅड वाहत आल्याची बातमी पसरली की त्यांच्या तारखा भराभर जातात, म्हणून फेब्रुवारीसाठीचा फोन डिसेंबरातच करून ठेवा.