संत्र्याच्या वासाची मेणबत्ती: सहा घाणे झाले, इथवर पोचले

दिवाळी झाल्यावर मेणबत्त्या करायला घेतल्या तेव्हा डोक्यात एकच होतं, संत्रं. व्हॅनिला नको, लॅव्हेंडर नको, हिवाळ्यात संत्रं सोलताना सालातून जो बारीक फवारा उडतो ना, डोळ्यात गेला की झोंबतो, तो वास हवा होता. मी नागपूरची, आमच्या घरी अंबिया बहाराची संत्री आली की आठवडाभर हातांना तोच वास असतो. तो काचेच्या ग्लासात पकडायचा, एवढंच ठरवलं होतं.

पहिला घाणा सालं वापरूनच केला. ताजी सालं किसून वितळलेल्या सोया वॅक्समध्ये (सोयाबीनच्या तेलाचं मेण) टाकली, अर्धा तास ठेवून गाळली. वास शून्य. वर सालातलं पाणी मेणात राहिलं, त्यामुळे वात सारखी तडतडायची आणि विझायची. मेणात पाण्याचा थेंबही चालत नाही, हे तेव्हाच कळलं. सजावट म्हणून एका ग्लासात वरून वाळलेल्या सालाचे तुकडे रोवले होते, ते मात्र कुणीच करू नका. ज्योत खाली आल्यावर एक तुकडा पेटला आणि वातीसारखा जळायला लागला, एकाच ग्लासात दोन मोठ्या ज्योती. ताटली वर झाकून विझवलं. पेटलेल्या मेणावर पाणी अजिबात टाकायचं नाही, भडका उडतो. तेव्हापासून मेणबत्ती करताना आणि जाळून बघताना दोन्ही वेळा शेजारी झाकण ठेवतेच.

दुसऱ्या घाण्याला इतवारी बाजारातून एक सुगंधी तेल आणलं, 'ऑरेंज' लिहिलेलं. दुकानदार म्हणाला सगळ्यात चालतं, पण ते अगरबत्तीसाठीचं निघालं. मेणाच्या वर तेल तरंगून आलं, वात गुदमरली. आणि वास? सासूबाई शेजारी बसल्या होत्या, त्या लगेच म्हणाल्या, "हा तं संत्रागोळीचा वास येऊन राह्यला वं." अगदी बरोबर बोलल्या त्या, तो गोळीचाच वास होता, फळाचा नव्हता.

मग तिसऱ्याला खरं इसेन्शिअल ऑइल, म्हणजे सालातूनच काढलेलं तेल, मागवलं, स्वीट ऑरेंज. बाटली उघडली तर सुंदर वास, पण आपलं संत्रं नाही ते, काहीतरी वेगळं. दोन दिवस तेच डोक्यात होतं. मग वाचताना उलगडा झाला आणि या सगळ्या उद्योगातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच आहे. स्वीट ऑरेंज म्हणजे सिट्रस सायनेन्सिस, आपली मोसंबी त्याच जातीतली. नागपुरी संत्रं हे मँडरिन, सिट्रस रेटिक्युलाटा, साल सैल असणारं, हाताने सहज सुटणारं. म्हणजे मी इतके दिवस चुकीच्या फळाची बाटली हुंगत होते! मँडरिनचं तेल मागवलं, महाग पडलं, पण झाकण काढल्याबरोबर सासूबाईंनी नुसतं "हां" म्हटलं. त्यावर मी चौथा घाणा केला.

आता थोडं मापांबद्दल, कारण सुरुवातीला मी चमच्याने मोजत होते आणि प्रत्येक ग्लास वेगळा निघत होता. सगळं वजनावर करा, तेलसुद्धा मिलीमध्ये नाही, ग्रॅममध्ये. माझ्या ग्लासात १७० ग्रॅम मेण बसतं, ६ टक्के सुगंध म्हणजे साधारण १० ग्रॅम. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात स्टीलचं छोटं भांडं, असं वितळवते, थेट गॅसवर कधीच नाही. ७५ अंश सेल्सियसपर्यंत गरम करून गॅस बंद, ६५ ला आलं की तेल घालून दोन मिनिटं हळू ढवळायचं, ५७ च्या आसपास ओतायचं. गॅस बंद हे फार महत्त्वाचं आहे. लहानपणी आपण मेणबत्तीच्या ज्योतीवर संत्र्याचं साल पिळायचो आणि ठिणग्या उडायच्या, आठवतं? सालातलं ते पेटणारं द्रव्य म्हणजे लिमोनीन, तेच या तेलात भरलेलं असतं. त्याचा फ्लॅश पॉइंट ५० च्या जवळपास आहे, म्हणजे त्याच्या वर वाफेजवळ ज्योत आली तर पेट घेऊ शकते. बरेच जण समजतात की फ्लॅश पॉइंटला वास उडून जातो, तसा त्याचा अर्थ नाही.

पण चौथ्याची गंमत अशी झाली की न पेटवता वास मस्त आणि पेटवल्यावर पंधरा मिनिटांत काहीच नाही. लिंबूवर्गीय वास हलके, पटकन उडतात. त्यांना धरून ठेवायला खाली काहीतरी जड लागतं. म्हणून पाचव्यात मँडरिन ७ ग्रॅम, देवदार अडीच ग्रॅम आणि लवंग अर्धा ग्रॅम असं केलं. लवंग फार जपून, जरा जास्त झाली की दातदुखीच्या औषधासारखं वाटतं. दोन आठवडे झाकून मुरवलं, लोणच्यासारखं. सोयाला हा वेळ द्यावाच लागतो, मी तिसऱ्याच दिवशी एक पेटवून बघितली होती आणि तिच्यात आणि दोन आठवड्यांनंतरच्यात खूप फरक होता. या वेळी वास बैठकीतून स्वयंपाकघरापर्यंत आला. खूप आनंद झाला, खरंच.

हा घाणा फेब्रुवारीचा. मग उन्हाळा आला.

माझ्या मेणाच्या माहितीपत्रकावर मेल्टिंग पॉइंट ४६ ते ४९ लिहिलाय. आमच्या मे महिन्यात बाहेरच ४५ असतं, वरच्या मजल्यावरच्या बंद कपाटात काय होत असेल ते समजा. मेणबत्त्यांना अक्षरशः घाम फुटला, वर तेलाचे थेंब, मेण लोण्यासारखं मऊ. हिवाळ्यात उलटा त्रास होता, थंड ग्लासात ओतलं की मेण काचेपासून सुटायचं आणि डाग दिसायचे, त्यावर ग्लास आधी कोमट करून घेणं हा उपाय चालला. पण उन्हाळ्याला मेणच बदलावं लागलं. सहाव्या घाण्यात १५३ ग्रॅम सोया आणि १७ ग्रॅम मधमाशांचं मेण घेतलं, ते ६२ ते ६४ ला वितळतं, त्यामुळे मिश्रण जरा घट्ट झालं. स्वतःचा मधाळ वास आहे त्याला, संत्र्याबरोबर छान जमतो, मला तर आधीपेक्षा जास्त आवडला. आता मेणबत्त्या खालच्या खोलीत, कूलरपासून लांब, कोरड्या जागी ठेवते.

मात्र मेण बदललं की वात पुन्हा पहिल्यापासून तपासावी लागते. आधी जी वात बरोबर चालत होती ती या मिश्रणात मधोमध विहीर खणत खाली गेली, कडेचं मेण तसंच. ग्लास आतून ७ सेंटिमीटर आहे, पहिल्यांदा पेटवल्यावर तीनेक तासांत वितळलेलं मेण कडेपर्यंत पोचायला हवं, ते पोचलंच नाही. एक नंबर जाड घेतली तर पोचलं, पण टोकावर काजळीचा गोळा धरतो आणि काच वरून काळी होते. दर वेळी पेटवायच्या आधी वात ५ मिलिमीटरवर कापली तर काजळी बरीच कमी होते, तरी पूर्ण जात नाही.

सध्या तीन ग्लास मुरतायत, तिन्हीत मेण आणि तेल तेच, फक्त वाती वेगळ्या, बुडाला चिकटपट्टीवर नंबर टाकलेत. येत्या शनिवारी एकदम पेटवणार आणि दर अर्ध्या तासाने वहीत लिहिणार. अकोला, चंद्रपूरकडे कुणी सोया वापरून मेमध्ये मेणबत्त्या पार्सल करत असेल तर पॅकिंग कसं करता ते नक्की सांगा, माझ्या बहिणीला पुण्याला पाठवलेली पोचली तेव्हा वात आडवी झाली होती.